बाई आल्या की बाई आली?

पाटीपेन्सिल
सत्तावीस वर्षं मराठी प्राथमिक शाळेत शिकवते आहे. या सगळ्या वर्षांत मला नावाने हाक मारणारे फार थोडे. बाजारात, एसटीत, लग्नात कुठूनही "बाई!" अशी हाक आली की मान आपोआप वळते. पुढे कुणीतरी मिशा फुटलेला, ओळखू न येणारा मुलगा उभा असतो.

गेल्या आठवड्यात दुसरीत एक नवी मुलगी आली. दारात उभी राहून म्हणाली, "बाई, आत येऊ?" मागून तिच्या आईने तिचा हात ओढला. "बाई काय म्हणतेस? मॅडम म्हण. बाई आपल्याकडे भांडी घासायला येते." मुलगी एकदा माझ्याकडे, एकदा आईकडे बघत राहिली. मी म्हटलं, "बाईच म्हण गं, ये आत." आई ओशाळली, हसून निघून गेली. तिच्या मनात वाईट काही नव्हतं हे मला कळतं.

पण तेव्हापासून दोन गोष्टी डोक्यातून जात नाहीत. ज्या शब्दात माझी सगळी नोकरी गेली, तो माझा अपमान होईल म्हणून मुलीच्या तोंडून काढून घेतला गेला. आणि तो अपमान का, तर तोच शब्द भांडी घासणाऱ्या बाईला लावतात म्हणून. दुसरी गोष्ट जास्त लागली.

तुमच्याकडे 'बाई' कुणाला म्हणतात? मान म्हणून, की नुसती 'एक स्त्री' म्हणून? आणि तुम्ही स्वतः हा शब्द अजून वापरता का?

बोरकूट
आमच्या शाळेत गुरुजी आणि बाई होत्या, आता सर आणि मॅडम आहेत. गुरुजी म्हटलं की हल्लीच्या मुलांना सत्यनारायण आठवतो. म्हणजे जोडीतले दोघंही गेले, एकट्या बाईंचं वाईट वाटून घेऊ नका.

सुपारीचं_खांड
आमच्या मालवणात तर लहान मुलीला 'बाय' म्हणतात. "ये गो बाय, जेव चल." दोन वर्षांच्या पोरीला आणि ऐंशी वर्षांच्या आजीला एकच शब्द. त्यात मायाच असते, मान-अपमान मोजायला कुणी बसत नाही.

रानवारा
आमच्या घरी (कोल्हापूरकडचे आम्ही) वडील आणि चुलते आजीला 'बाई' म्हणायचे. आई नाही, बाई. "बाई, भाकरी दे." शेजारी 'बय' म्हणायचे. मला बऱ्याच मोठेपणापर्यंत वाटायचं की बाई हे आजीचं नावच आहे. पहिल्या दिवशी शाळेत गेलो आणि फळ्यापुढच्या अनोळखी बाईंना सगळी पोरं 'बाई' म्हणताना ऐकून रडू आलं. आमची बाई यांनी घेतली असं वाटलं.

दौत
पाटीपेन्सिल, तुमच्या प्रश्नाचं उत्तर 'बाई' या शब्दात शोधू नका, क्रियापदात शोधा.

'बाई आल्या' म्हटलं की वर्ग उभा राहतो. 'बाई आली' म्हटलं की मोरीतली भांडी बाहेर निघतात. शब्द तोच. मराठीत आदर नामाला जितका चिकटतो त्याहून जास्त क्रियापदाला आणि विभक्तीला चिकटतो. बाईंची वही, बाईची वही. बाईंकडे जा, बाईकडे जा. फरक एका टिंबाचा.

मी मुद्रितशोधनाचं काम करतो, म्हणून हे टिंब मला रोज भेटतं. एकदा एका शाळेच्या स्मरणिकेची मुद्रितं आली होती. निवृत्त मुख्याध्यापिकेवरचा लेख, जुन्या विद्यार्थ्याने अगदी जीव ओतून लिहिलेला. टंकताना प्रत्येक ठिकाणचं अनुस्वाराचं टिंब गळलं होतं. "बाईच्या हाताखाली आम्ही पाढे शिकलो. बाईपुढे खोटं चालत नसे." चार पानं मी लाल शाईने नुसती टिंबं देत होतो आणि प्रत्येक टिंबासरशी त्या बाई खुर्चीवर थोड्या ताठ होऊन बसताहेत असं मला वाटत होतं.

अर्धाचहा
दौत, हे वाचून मी आज दिवसभर घरातली वाक्यं ऐकली. 'डॉक्टर आले', 'वॉचमन आला', 'बाई आली नाही', 'भाजीवाली गेली का बघ'. आमच्या क्रियापदांनी सगळ्यांना कधीच आपापल्या पायरीवर बसवून ठेवलंय.

रानवारा
दौत, पूर्ण सहमत नाही. आमची आजी आयुष्यभर 'बाई आली, बाई गेली' होती आणि तिच्यापुढे आवाज चढवायची कुणाची छाती नव्हती. आपण 'आई आली' असंच म्हणतो. 'विठोबा उभा आहे' म्हणतो, 'उभे आहेत' म्हणत नाही. फार जवळचं आणि फार मोठं दोन्ही आपल्याकडे एकवचनातच असतं.

दौत
मान्य. आई आणि विठोबा माझ्या नियमाबाहेरचे. पण मग प्रश्न उरतो की घरकाम करणाऱ्या बाईंना आपण एकवचन लावतो ते आईसारख्या वाटतात म्हणून लावतो का? तिथे नियम चालतो.

कुंपणावरचा
मी वेगळं मत मांडतो. त्या आईचं काही चुकलं नाही. मुलीला ज्या जगात वावरायचंय त्या जगाचा शब्द तिने शिकवला. 'मॅडम' हा फार सोयीचा शब्द आहे. कलेक्टर मॅडम, कंडक्टर मॅडम, बँकेत काउंटरला बसलेल्या मॅडम. वय विचारत नाही, लग्न झालंय का विचारत नाही, नवरा जिवंत आहे का विचारत नाही. आपल्या कु., सौ. आणि श्रीमतीला हे जमलं का? पुरुषाला जन्मभर एक 'श्री.' पुरतो. बाईचं पाकीट आलं की पोस्टमनलासुद्धा घरातली हकीकत कळते.

चांदणवेल
कुंपणावरचा, पाकिटाचं म्हणालात म्हणून लिहिते.

बाबा गेले तेव्हा आई पंचावन्न वर्षांची होती. तोवर प्रत्येक लग्नपत्रिकेवर 'श्री. व सौ.' आणि पुढे बाबांचं नाव. आईचं स्वतःचं नाव कुठेच नाही, ती त्या 'सौ.'मध्ये. बाबा गेल्यानंतर पहिली पत्रिका आली ती मावसभावाच्या मुलीची. वर हळदीकुंकवाची बोटं, खाली 'श्रीमती' आणि पहिल्यांदाच आईचं नाव. आईने चष्मा लावून ते वाचलं, त्या शब्दावर अंगठा ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. मग म्हणाली, "माझं नाव छापायला तुझे बाबा जावे लागले."

ती त्या लग्नाला गेली नाही.

बोरकूट
चांदणवेल, काय लिहावं कळत नाही.

शिक्कामोर्तब
सरकारी नोकरीत आहे, माहिती म्हणून लिहितो. आमच्या कार्यालयात आदेश, यादी, टिपणी सगळीकडे महिला कर्मचाऱ्यांना सरसकट 'श्रीमती' लावतात. कालच रुजू झालेली तेवीस वर्षांची लिपिकसुद्धा श्रीमती. तिच्या आजीने नेमणुकीचा आदेश वाचून घरात आकांत केला होता, हे तिने स्वतः आम्हाला सांगितलं. खरं तर श्रीमती म्हणजे 'श्री'ने युक्त अशी स्त्री, श्रीमान शब्दाचं स्त्रीलिंगी रूप. नवऱ्याचा त्यात काही संबंधच नाही. हिंदीत तर श्रीमती म्हणजे विवाहिता. एकच शब्द नर्मदेपलीकडे सुवासिनीला आणि अलीकडे विधवेला. ही रूढी आपण मराठी लोकांनी लावून घेतली आहे, आणि लावून घेतली तशी सोडताही येईल.

अर्धाचहा
आणि 'गं. भा.'? जुन्या पत्रांत 'गं. भा. आत्याबाईंस' असं सर्रास दिसतं. गंगा भागीरथी. लहानपणी मला वाटायचं गंगाबाई भागवत अशा कुणी नातेवाईक आहेत.

शिक्कामोर्तब
२०२३ च्या एप्रिलमध्ये राज्याच्या महिला व बालविकास मंत्र्यांनी 'विधवा' शब्दाऐवजी 'गं. भा.' वापरण्याचा प्रस्ताव चर्चेला आणा असं पत्र विभागाला दिलं होतं. चौफेर टीका झाली. मग हा केवळ चर्चेचा विषय होता असा खुलासा आला. त्याच्या वर्षभर आधी, मे २०२२ मध्ये, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला होता. गाव प्रथा बंद करत होतं आणि आपण नावाच्या मागे काय लावायचं ते ठरवत होतो.

चांदणवेल
हेरवाडची बातमी आईला वाचून दाखवली होती. तिने ते पान कापून घडी करून ठेवलंय, अजून आहे.

तिसरी_घंटा
मूळ विषयाकडे. नाट्यक्षेत्रात 'बाई' म्हटलं की पुढे नाव लागत नाही. विजयाबाई मेहता. त्यांच्या हाताखाली तयार झालेली मोठमोठी नटमंडळी 'बाईंनी सांगितलं' म्हणतात तेव्हा सत्तरीतला माणूसही विद्यार्थी होतो. लेखनात दुर्गाबाई, इरावतीबाई. पांडित्याला जोडलेलं 'बाई' आहे हे, आणि तिथे 'मॅडम' लावून बघा, दुर्गा मॅडम, इरावती मॅडम. माणूसच हरवतं.

गाण्यात तर एका पिढीत शब्द बदललेला दिसतो. केसरबाई, मोगूबाई, हिराबाई. मोगूबाईंच्या मुलीला मात्र सगळे किशोरीताई म्हणतात. उत्तरेत 'बाई' शब्दाला कोठ्याचा वास चिकटला. अख्तरीबाई फैजाबादी १९४५ साली लग्नानंतर बेगम अख्तर झाल्या. आपल्याकडे मात्र केसरबाई शेवटपर्यंत केसरबाईच. १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी गेली, तिच्यावर त्यांची भैरवी आहे. सूर्यमालेच्या बाहेर गेलेला हिंदुस्थानी गाण्याचा सूर आमच्या एका बाईंचा आहे. मला याचा भयंकर अभिमान आहे.

दौत
तिसरी_घंटा, तुमच्या यादीवरून एक आठवलं. इतिहासातल्या बायांना आपण आता 'बाई' राहू देत नाही. अहिल्याबाई होत्या, अहिल्यादेवी झाल्या. सोलापूर विद्यापीठाच्या नावात देवीच आहे. जिजाबाईंच्या जिजाऊ झाल्या, रमाबाई आंबेडकरांना रमाई म्हणतात. सावित्रीबाईंना भाषणांत सावित्रीमाई म्हणतात, पुणे विद्यापीठाच्या नावात मात्र बाई टिकून आहे. प्रेमापोटीच होतं हे सगळं, त्यावर माझा आक्षेप नाही. पण शाळेत १८४८ साली शिकवायला उभी राहिली ती एक बाई होती. १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाली ती आनंदीबाई. मोठं काम केलं की बाईला आई किंवा देवी व्हावंच लागतं का? बाई असून मोठी असू शकत नाही?

कुंपणावरचा
दौत, हा मुद्दा मला पटला. मॅडमचं मत कायम, पण हा पटला.

सुपारीचं_खांड
अवांतर: 'मी बाई' वर कुणी लिहिलंच नाही. "मला बाई भीती वाटते", "मी बाई नाही येणार", "किती बाई उशीर!" इथे बाई कोण आहे? बोलणारी? ऐकणारी? कुणीच नाही. आमच्याकडे भाचा आजीच्या आणि दोन आत्यांच्या संगतीत वाढला. तीन वर्षांचा असताना भर पंगतीत ओरडला, "मला बाई भूक लागली!" सगळ्या पंगतीने त्याला आधी वाढलं.

बोरकूट
सासूबाई, जाऊबाई, विहीणबाई, आत्याबाई. नात्यांतली बाई सुखरूप आहे अजून. सासूला मॅडम म्हणणारं कुणी असेल तर हात वर करा.

ओलीमाती
धागा दोन दिवस वाचते आहे. लिहू की नको करत होते.

माझी आई 'बाई' होती. चार घरची धुणीभांडी, एका घरी पोळ्या. त्यातूनच आम्ही तिघी शिकलो. शाळेला सुट्टी असली की मी तिच्याबरोबर जायचे आणि जिन्यात बसून अभ्यास करायचे. आतून आवाज यायचे. "बाई आली का?" "बाईला सांग बाल्कनी राहिली." "आज बाई दांडी मारणार वाटतं." चारही घरांत तिचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. बाई म्हणजे एक खुर्ची होती, जी बसेल ती बाई. एकदा तिला ताप होता म्हणून मावशी गेली, तर दारातच "आली बाई" म्हणाले. माणूस बदललंय हे त्यांच्या लक्षात यायला भांडी संपावी लागली.

त्यातल्या एका घरात एक म्हातारे आजोबा होते, अंथरुणाला खिळलेले. दाराची कडी वाजली की ते आतून विचारायचे, "बाई आल्या का?" आल्या का. आई घरी आल्यावर आम्हाला हे सांगायची. रोज नाही, पण पुष्कळदा. भाकरी थापता थापता एकदम म्हणायची, "आजोबा मला आल्या म्हणतात." ते गेले तेव्हा तिने त्या घराचं काम सोडलं नाही, पण जाताना रोज त्यांच्या खोलीपुढे थांबायची.

म्हणून दौत यांनी टिंबाचं लिहिलं ते वाचून मला रडू आलं. ते खरं आहे.

दौत
ओलीमाती, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा.

अर्धाचहा
आमच्याकडे आता 'मावशी' म्हणतात. मुलांना तसंच सांगितलंय. ते बरं नाही का?

ओलीमाती
अर्धाचहा, मनापासून म्हणत असाल तर बरंच आहे. पण आईला मावशीही म्हणायचे एका घरी. कपबशी वेगळी होती, खिडकीत पालथी घातलेली. मावशी म्हणून दिवाळीला साडी मिळाली, पगारवाढ मागितली तेव्हा मावशी संपली. नातं लावलं की मागणं अवघड होतं. २००८ च्या कल्याण मंडळाच्या कायद्यात 'घरेलू कामगार' असा शब्द आहे. तो रुक्ष वाटेल, पण त्यात कामगार आहे. मावशीला रजा नसते, कामगाराला असते.

आईला विचारलं होतं एकदा, तुला काय म्हटलेलं आवडेल? म्हणाली, माझं नाव घ्यावं आणि पुढे बाई लावावं. झाली माझी हौस.

रानवारा
नावापुढे बाई. आमच्या गावात सगळ्या म्हाताऱ्यांना असंच म्हणायचे. म्हणजे शब्द बिघडलेला नाही, त्याच्या आधीचं नाव आपण काढून टाकलं.

शिक्कामोर्तब
रानवारा, अगदी.

भेंडवळ
मी फक्त डोंगर चढतो, भाषेतलं काही कळत नाही, पण एक गोष्ट सांगायचीच आहे. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, १६४६ मीटर. वर लहानसं देऊळ आहे. खालच्या गावात तिची कथा सांगतात. कळसू नावाची मुलगी कामाच्या शोधात आली आणि एका घरी राहिली. अट घातली की सगळं काम करीन, पण भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. घरच्यांनी एक दिवस तीच कामं तिच्या गळ्यात मारली. तिने केली, आणि सरळ डोंगर चढून गेली ती परत आली नाही. वाटेवर तिने भांडी जिथे घासली त्या जागेलाही नाव आहे, थाळेमेळ.

शेवटच्या टप्प्यावर लोखंडी शिड्या आहेत. मागच्या पावसाळ्यात धुक्यात पुढचा माणूस दिसत नव्हता. मधल्या शिडीवर एक पंचाहत्तरीच्या आजी अनवाणी चढत होत्या, कमरेला नारळ बांधलेला. मी हात पुढे केला तर म्हणाल्या, "मला नको, बाई घेते वर."

चांदणवेल
भेंडवळ, म्हणजे राज्याच्या डोक्यावर जी बसली आहे ती घरकाम सोडून गेलेली बाई आहे! मी शाळेत फक्त उंची पाठ केली होती.

तिसरी_घंटा
+१. ही गोष्ट दुसरीच्या वर्गात सांगा, पाटीपेन्सिल.

पाटीपेन्सिल
सांगितली, शुक्रवारी. सगळ्यांनी विचारलं की कळसूला जेवायला कोण देत असेल वर. ती नवी मुलगी आता मला 'बाईमॅडम' म्हणते. तिने स्वतःच काढलेला मार्ग आहे, घरी आणि शाळेत दोन्हीकडे चालणारा. मी काही बदलायला लावलं नाही.

ओलीमाती, तुमचं लिहिणं वाचल्यावर झोप लागली नाही. आमच्या शाळेत झाडलोट करायला एक जणी येतात. बारा वर्षं. आम्ही सगळे शिक्षक त्यांना 'मावशी' म्हणतो, आणि मी सुद्धा रोज 'मावशी आली का' असंच विचारत आले. त्यांचं नाव मला सांगता येईना. शनिवारी पगारपत्रक काढून बघितलं. आज सकाळी त्या व्हरांडा झाडत होत्या तेव्हा नावापुढे बाई लावून हाक मारली. त्यांना ऐकू गेलं, पण त्या वळल्या नाहीत. मी पुन्हा हाक मारली. तेव्हा झाडू हातात तसाच धरून त्यांनी आधी मागे, मग फाटकाकडे पाहिलं आणि मला विचारलं, "कुणी आलंय का?"

ओलीमाती
उद्या पुन्हा मारा हाक.